मेंढ्यांच्या बाजूचा माणूस

आमचे शेजारी नॉर्मन दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाचे बोळे, डोळ्यांवर तो रेल्वे इंजिनासारखा दिवा. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. नॉर्मननी डॉक्टरणीचं मनगट धरलं आणि जीभ जेवढी वळली तेवढ्यात विचारलं, "तुमच्या गावाच्या नावाचा अर्थ काय?"

डॉक्टरीण केरळकडची. बिचारीला वाटलं, दुखतंय. तिने घाबरून मशीन बंद केलं. मग तिला प्रश्न कळला, तिने काहीतरी नारळाशी संबंधित उत्तर दिलं, आणि नॉर्मननी बोळ्यांतूनच निकाल दिला, "चूक. पण सुंदर चूक."

हा सगळा वृत्तांत त्यांनीच मला कुंपणापलीकडून दिला. गाल सुजून टम्म झालेला, पण चेहरा असा की दात काढायला नव्हे, फिरायला गेले होते.

माणसं भेटली की "कसे आहात" म्हणतात, पावसाला नावं ठेवतात. नॉर्मन यातलं काही करत नाहीत. ते सरळ तुमचं गाव काढतात आणि गावाच्या नावाचं पोट फाडतात. पार्सल घेऊन येणारा मुलगा लुधियानाचा. सही करायच्या आधी त्याला प्रश्न. त्याला उत्तर येईना, तर "आईला विचारून सांगतो" म्हणाला, आणि पुढच्या खेपेला खरोखर विचारून आला. आईच्या उत्तरालाही नॉर्मननी तेच प्रमाणपत्र दिलं. सुंदर चूक. या माणसाच्या मते जगात दोनच प्रकारची उत्तरं असतात, साध्या चुका आणि सुंदर चुका.

आमचं सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीत होतं. इथे मराठीत सांगते, कारण नॉर्मनचं इंग्रजी छापण्यासारखं आहे, माझं नाही.

आता मी न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला कशी पोचले, ते थोडक्यात. आमचे हे गेले, पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि कुकर एवढेच दोघे आवाज करणारे उरलो. तेव्हा मुलगा अमोल म्हणाला, "आई, इकडे ये." तो वेलिंग्टनला कंप्युटरचं काहीतरी करतो. काय, ते त्याने मला बऱ्याचदा समजावलंय आणि मी दर वेळी मान हलवलीय. सकाळी तो ट्रेनने जातो, सूनबाई स्नेहा गाडीने जाते, नात ईरा शाळेत जाते. मी मराठीत विचारायचं, ईराने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार आहे. उरलेला दिवस मी, दोन्ही बाजूंचे डोंगर आणि कुंपणापलीकडचे नॉर्मनराव. 'राव' हे मी लावलेलं, घरातल्या घरात.

पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"पुण्याची."

"ते झालं. त्याच्या आधी?"

आता हा प्रश्न मला आयुष्यात फार जणांनी विचारलेला, आणि त्याचं खरं उत्तर देण्याचं मी तरुणपणी शिताफीने टाळलेलं. मी जळगावकडची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत असे. कुणी "माहेर कुठलं?" विचारलं की मी म्हणायचे, "नाशिकच्या बाजूला." जसं काही खानदेश हा नाशिकच्या मागच्या गल्लीतला बोळ. आणि बोलायचे कशी? प्रत्येक 'ण' असा ठासून की सासूबाई म्हणायच्या, "कुसुम, जरा श्वास घे गं, आकाशवाणीवर नाहीयेस." मग मी शाळेत भूगोल शिकवायला लागले. नकाशावर काठी आपटून मी महाराष्ट्राच्या प्रत्येक प्रदेशाच्या नावाचा एकेका वाक्यात निकाल लावत असे. कोकण संपलं, विदर्भ संपला, खानांचा देश तो खानदेश, पुढे चला. माझ्याइतकी खात्री त्या काळात हवामान खात्यालाही नव्हती.

तर नॉर्मननी "त्याच्या आधी?" विचारलं आणि का कोण जाणे, सातासमुद्रापार आल्यावर मला नाशिकचा आडोसा घ्यावासा वाटला नाही. म्हटलं, "खानदेश."

"अर्थ?"

"काही म्हणतात खानांचा देश. काही म्हणतात कान्हाचा, म्हणजे कृष्णाचा. आणि काही म्हणतात, डोंगरातल्या खिंडींवरून पडलं."

नॉर्मनच्या हातातली झाडं छाटायची कात्री खाली पडली. "तीन?" ते म्हणाले. "एका प्रदेशाला तीन? आणि लोक भांडतात?"

"लोक भांडत नाहीत. ज्याला जो आवडतो तो घेतो."

"अरेरे," नॉर्मन मनापासून हळहळले. "केवढं भांडण वाया घालवलंत!"

ते स्वतः इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डचे. कॅलेंडरांवर असतात तशा मधाच्या रंगाच्या दगडांची घरं, हिरव्या टेकड्या आणि मेंढ्या असा तो मुलूख. "यातलं 'वोल्ड' म्हणजे उंचावरची उघडी टेकडी," त्यांनी सांगितलं. "पण गंमत अशी की त्याच्याही आधी त्या शब्दाचा अर्थ रान असा होता. दाट झाडी. झाडी तोडली, टेकड्या बोडक्या झाल्या, आणि तोच शब्द बोडक्या टेकडीला चिकटून राहिला. झाडं गेली, नाव राहिलं."

"आणि 'कॉट्स'?"

तो मी विचारायला नको होता असा प्रश्न निघाला. कारण तिथे युद्ध होतं. एक पक्ष म्हणतो, कॉट म्हणजे मेंढ्यांचा वाडा, थंडीवाऱ्यात मेंढ्या कोंडायची जागा. म्हणून कॉट्सवोल्ड म्हणजे मेंढवाड्यांच्या टेकड्या. दुसरा पक्ष म्हणतो, छट्, कॉड नावाचा कुणी जुना माणूस होता, त्याच्या मालकीच्या या टेकड्या.

"कॉड तर मासा ना?" मी आपलं ज्ञान पाजळलं.

"चूक," नॉर्मन म्हणाले. "आणि सुंदरही नाही."

नॉर्मन मेंढ्यांच्या बाजूचे. बाजूचे म्हणजे कसे, तर कडवे. त्यांच्या फाटकावर लाकडी पाटी होती, तिच्यावर पांढऱ्या रंगात घराचं नाव, 'शीपकोट'. म्हणजे चक्क मेंढवाडा. पुण्यात लोक घराला 'मातृछाया' म्हणतात, 'श्रमसाफल्य' म्हणतात. 'मेंढवाडा' अशी पाटी आमच्या सोसायटीत कुणी लावली असती तर खालच्या मजल्यावरच्यांनी स्वतःला उद्देशून आहे असं समजून सभा बोलावली असती. त्या पाटीच्या कोपऱ्यात एक मेंढीही रंगवली होती. तिचे पाय वेगवेगळ्या लांबीचे होते आणि चेहरा थेट आमच्या शाळेतल्या हेडबाईंसारखा.

त्यांच्याबरोबर गाडीत बसणं ही एक शिक्षा. न्यूझीलंडमध्ये, म्हणजे जिथे खिडकीबाहेर पाहिलं की मेंढ्याच असतात तिथे, हा गृहस्थ प्रत्येक कळप दिसला की "मेंढ्या!" असं ओरडतो, जणू पहिल्यांदाच पाहतोय. एकदा आम्ही सगळे मिळून डोंगरापलीकडच्या वायरारापा भागात गेलो होतो. ईरा मागच्या सीटवर कानात बोटं घालून म्हणाली, "आजी, ही इज हीप्स एम्बॅरसिंग." म्हणजे यांच्यामुळे फारच लाज वाटते. आणि कुणी कॉडचं नाव काढलं की संपलंच. "मेंढ्या आधी," ते तर्जनी उभारून म्हणत, "माणसं नंतर. कुठल्याही जागेला माणसाचं नाव देणं म्हणजे उर्मटपणा. हे हट पाहा. कुणा साहेबाचं आडनाव आख्ख्या खोऱ्याच्या डोक्यावर. त्यापेक्षा माओरी लोकांचं पाहा, टौरंगा. होड्या विसाव्याला लावायची जागा. जागेने काय केलं ते सांगितलं, मालक कोण ते नाही."

टौरंगाला त्यांची मुलगी असते. ती म्हणते, इकडे या राहायला. नॉर्मन म्हणतात, "मी होडी नाही."

आमच्यात एक वाडगा फिरत असे. जाड निळ्या काठाचा, मूळचा त्यांचा. त्यातून ते फिजोआ पाठवत. ते हिरवं, पेरूच्या गरीब चुलतभावासारखं दिसणारं फळ, हंगामात इथे एकमेकांना अक्षरशः बळेबळे दिलं जातं. रिकामा वाडगा परत करायची आपल्यात पद्धत नाही. मी त्यातून भरीत पाठवायची. वांगी भाजून, शेंगदाणे घालून, हिरव्या मिरचीचं, अस्सल आमच्याकडचं.

"तुम्ही म्हणालात खानदेशी जेवण जाळ असतं," एकदा नॉर्मन म्हणाले. "हे तर गोडसर आहे."

घरात स्नेहाचंही तेच. ती नागपूरची, तिच्या जिभेला फसवणं कठीण. "आई, भरतात साखर पडलीय का?"

"चुकून पडली असेल."

"परवाही चुकून पडली होती."

मी विषय बदलला. सासूला ती एक सोय असते.

आमच्या भागातल्या हॉलमध्ये दर गुरुवारी म्हाताऱ्यांचा मेळावा भरतो. चहा, बिस्किटं, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, आणि एखादं छोटं भाषण. चिटणीस ट्रेव्हर. रिटायर्ड इंजिनियर, जन्म इथलाच, बारा महिने अर्धी चड्डी आणि जॅन्डल्स. म्हणजे आपल्या स्लिपरा. बाहेर गारा पडोत, ट्रेव्हरच्या पायाची बोटं उघडीच. स्वभावाने सोन्यासारखा, पण जगातला प्रत्येक प्रश्न फोनमध्ये सुटलेला आहे असं त्याचं मत. कुणी काही बोललं की तो अंगठ्याने फोन चोळतो आणि वाचून दाखवतो.

एका गुरुवारी नॉर्मन कुणाला तरी मेंढवाड्यांबद्दल सांगत होते. ट्रेव्हरने फोन चोळला. "अभ्यासक म्हणतात कॉड, मेट. माणसाचं नाव. संपला विषय."

"अभ्यासकांनी कधी मेंढी हाकललीय का?" नॉर्मन म्हणाले.

"मेंढी हाकलून व्युत्पत्ती कळते का?"

मी चहात बिस्कीट बुडवत होते. आता, शाळेत असताना गॅदरिंगच्या आधी दोन वर्गांत जुंपून द्यायची असली की बाकीच्या बाया मलाच पुढे करत. हात शिवशिवले. म्हटलं, "भांडता कशाला? पुढच्या गुरुवारी नॉर्मनना भाषण करू दे. मग हात वर करून मतदान. लोकशाही."

हॉलभर "हिअर हिअर" झालं. आणि त्या भरात नॉर्मन उभे राहिले, कपाची बशी छातीशी धरून. "मी हरलो," ते म्हणाले, "तर फाटकावरची पाटी काढीन."

ट्रेव्हर म्हणाला, "अरे, एवढं नको."

"बोललो ते बोललो."

दोघांनी हात मिळवले. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या आणि दुसरं बिस्कीट घेतलं.

तो आठवडा मी फार मजेत घालवला. नॉर्मनराव दिवसातून चार वेळा कुंपणाशी यायचे. "तुमचं मत कोणाला?"

"गुप्त मतदान आहे."

"हात वर करून आहे."

"हात वर होईपर्यंत गुप्त."

मग एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि ते फाटकापाशी गुडघ्यावर बसलेले दिसले. पाटीवर शेवाळ चढलं होतं, या खोऱ्यात पावसाने सगळ्यावरच चढतं. नॉर्मन जुन्या दात घासायच्या ब्रशने ते काढत होते. अक्षरांच्या आतून, कडांवरून, त्या लंगड्या मेंढीच्या एकेका पायावरून, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. पाटी त्यांच्या बायकोने, बेरिलने रंगवलेली होती एवढं मला ठाऊक होतं. बेरिल मी इथे यायच्या आधीच गेली. तिच्याबद्दल ते फारसं बोलत नसत. मी हातातला चिमटा तसाच धरून उभी राहिले. म्हटलं, कुसुमबाई, गॅदरिंग जरा महाग पडणार असं दिसतंय.

गुरुवार उजाडला. नॉर्मन टाय लावून आले. केसांना पाणी लावून भांग पाडलेला, शाळेच्या पहिल्या दिवसासारखा. मी पहिल्या रांगेत, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा.

सुरुवात बरी झाली. मेंढ्या, लोकर, लोकरीच्या पैशातून उभी राहिलेली मोठमोठी चर्चं, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती. पण खरं सांगायचं तर बोलणं जरा पाठ केल्यासारखं होतं. उसन्या आवाजातलं. मध्येच एक वाक्य अगदी बायकी लकबीने यायचं, "आणि ज्याने मेंढीला वादळात भिजताना पाहिलंय त्याला हे शिकवायला लागत नाही," असं मानेला झटका देऊन. लोक विनयाने ऐकत होते. मागे कुणीतरी लोकरीचं विणत होतं, तेवढाच काय तो मेंढ्यांना पाठिंबा.

मग ते म्हणाले, "आता विरुद्ध बाजू मांडतो. न मांडली तर अन्याय होईल."

आणि हा माणूस बदलला. पाठ सरळ झाली. कागद बाजूला ठेवले. त्याच टेकड्यांमध्ये कट्सडीन नावाचं खेडं आजही आहे, त्यात हाच कॉड बसलाय. जवळच एका झऱ्याच्या जुन्या नावातही तोच. एक माणूस तीन ठिकाणी आपल्या पायाचे ठसे ठेवून जातो, तेव्हा तो होता असं मानावं लागतं. आणि मेंढवाडे तर इंग्लंडभर होते, मग नाव याच टेकड्यांना का? हात हवेत टेकड्या काढत होते, डोळे चमकत होते. वीस-बावीस वर्षांचा एखादा भांडकुदळ पोरगा त्या टायच्या आत येऊन उभा राहिल्यासारखा. ट्रेव्हरने फोन खिशात घातला. विणणारीने सुया थांबवल्या. आख्खा हॉल पुढे झुकला. मी कपाळाला हात लावला. अहो, स्वतःच्या विरुद्ध इतकं चांगलं कुणी बोलतं का?

मग एकदम, काही आठवल्यासारखे ते थांबले. चष्मा काढून पुसला. "माझं मत अर्थातच मेंढ्यांना," असं बारीक आवाजात म्हणून खाली बसले.

मतदान झालं. कॉडला हातच हात. त्यात माझाही. मेंढ्यांना नॉर्मनचा स्वतःचा, विणणारीचा एक आणि माझा.

"कुसुम, तुम्ही दोन्हीकडे हात वर केलात," ट्रेव्हर म्हणाला.

"हात दोन आहेत."

लोक हसले. नॉर्मनही हसले. ट्रेव्हर जवळ जाऊन म्हणाला, "मेट, पाटी राहू दे. गंमत होती." नॉर्मननी त्याच्या दंडावर थोपटलं. "स्वीट ॲज," म्हणाले. हे इथल्या लोकांचं 'सगळं उत्तम' म्हणायचं बोलणं नॉर्मनच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाच मला कळलं की काही उत्तम नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन फाटकाशी उभे होते. मी वाडग्यात भरीत घालून बाहेर पडले. तोपर्यंत तीन स्क्रू निघाले होते. चौथा गंजलेला, हलेना. मी पोचले तशी त्यांनी जोर लावला, तो कुरकुरत आला, आणि पाटी त्यांच्या हातात आली. फाटकावर तेवढाच चौकोन कोरा राहिला, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यावर राहतो तसा.

काय बोलावं कळेना तेव्हा मी नेहमी टोचून बोलते. म्हटलं, "नॉर्मन, वकील म्हणून तुम्ही अगदी टाकाऊ. कॉडची बाजू एवढी रंगवायची काय गरज होती?"

ते पाटीवरची धूळ बोटाने पुसत म्हणाले, "ती बाजू मला पाठ आहे. ती माझीच आहे."

"म्हणजे?"

"मी कॉडवाला. पहिल्यापासून. मेंढ्यांवाली बेरिल होती." ते पायरीवर बसले. मीही बसले, वाडगा मधे ठेवून. "तिचे वडील मेंढपाळ. आमची ओळखच या भांडणातून झाली. गावातल्या नाचाच्या कार्यक्रमात मी काहीतरी कॉडबद्दल अक्कल पाजळली, आणि ही मागून म्हणाली, चूक. पण सुंदर चूक."

ते वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, आणि ते त्यांचं नव्हतंच.

"लग्नात भांडलो. बोटीने इकडे आलो तेव्हा सगळा समुद्रभर भांडलो. मुलगी झाली तेव्हा मी हॉस्पिटलात बाळ घ्यायला हात पुढे केले, तर ही नर्सला म्हणते, आधी त्यांना विचारा, मेंढ्या की कॉड, मग द्या." ते हसले. "मी तेवढ्यापुरतं मेंढ्या म्हणालो. घरी आल्यावर शब्द फिरवला. मग तिने ही पाटी रंगवली. मी म्हटलं, मेंढीचे पाय चुकलेत. ती म्हणाली, टेकडीवर उभी आहे."

मी पाटीकडे पाहिलं. खरंच की. टेकडीवर उभी राहिली तर मेंढी अगदी सरळ होती.

"शेवटी शेवटी ती म्हणाली, नॉर्मन, आता तू जिंकणार. समोर कुणी नसणार." "मग मी कॉड सोडला. रिकाम्या खुर्चीशी काय भांडायचं? तिची बाजू मांडायला लागलो. मी नाही मांडली तर कोण मांडणार? कच्ची बाजू आहे, कुसुम, मला ठाऊक आहे. पण ती मांडायची म्हणजे बेरिल हे कसं म्हणाली असती ते आठवावं लागतं. दर वेळी."

मला कालचा तो मानेचा झटका आठवला.

आता आपल्याकडे लग्नात एक बरं असतं. माणसं वाटून घेतलेली असतात. हे मुलाकडचे, हे मुलीकडचे. दोन्हीकडचे असले की भांडणं नीट होतात, रुसवेफुगवे होतात, कार्याला शोभा येते. आणि इथे पाहावं तर नवरा मुलगा स्वतःच जाऊन मुलीकडच्यांच्या पंगतीत बसलेला, आणि मुलाकडची आख्खी बाजू ओस.

हे मी त्यांना जमेल तसं इंग्रजीत समजावलं. त्यांना कितपत कळलं देव जाणे. मग म्हटलं, "तर आजपासून मी मुलाकडची. मी कॉडवाली. आणि सांगून ठेवते, आमच्यात मुलाकडच्यांचा मान मोठा असतो. भांडायला मी येणार, चहा तुम्ही करायचा."

"पण तुम्ही दोन्हीकडे हात—"

"एक खाली केला. आता ती पाटी लावा."

"शब्द दिलाय."

"काय शब्द दिलात? पाटी काढीन. काढलीत. मी साक्षीदार. पुन्हा लावणार नाही, असं कुठे म्हणालात?"

नॉर्मननी माझ्याकडे पाहिलं. मग पाटीकडे. ओठ हलले. "चूक," ते म्हणाले, आणि पुढचं म्हणायच्या आधी त्यांना रुमाल शोधावा लागला. "पण सुंदर चूक."

एवढ्यात ट्रेव्हर आला. रात्रभर झोप लागली नसावी, कारण हातात ड्रिल होतं आणि खिशात नवे स्क्रू. आम्ही काही सांगितलं नाही, त्याने काही विचारलं नाही, आणि फोनही काढला नाही. "जुने गंजलेत, मेट," एवढंच म्हणाला आणि चार भोकं नीट मारून दिली. मेंढी पुन्हा आपल्या टेकडीवर उभी राहिली.

चहा झाला. मी पहिला वार केला. म्हटलं, मेंढवाडे इंग्लंडभर होते, मग नाव याच टेकड्यांना का? कालच ऐकलेलं, ताजं होतं. नॉर्मननी मानेला झटका दिला आणि असं काही खडसावलं मला, की बेरिल असती तर उठून दुसरा कप ओतला असता.

संध्याकाळी घरी उरलेलं भरीत वाढलं. स्नेहाने घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "आई, पुन्हा चुकून?"

आमचे हे पुण्याचे. आमटीत गूळ, भाजीत गूळ, भरतात साखर. उभ्या संसारात मी त्यांच्या या सवयीला नावं ठेवली, आणि मी डबा लपवला तरी त्यांनी शोधून चिमूटभर टाकलीच.

"नाही गं," मी म्हटलं. "ती पुण्याची बाजू. कुणीतरी मांडायला नको?"